मोतीबिंदूची मोजणी झाली, काचबिंदूची केव्हा?

आपल्या जिल्ह्यात डोळ्यांचा आजार म्हटला की माणसाच्या तोंडी एकच शब्द येतो, तो म्हणजे मोतीबिंदू. पेपरात बातमीही ठरलेलीच असते. अमुक गावी नेत्र तपासणी शिबिर, इतक्यांची तपासणी, इतक्यांची शस्त्रक्रियेसाठी निवड. सोबत फोटो असतो, त्यात हारतुरे, पाहुणे आणि एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून रांगेत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या. काम पुण्याचेच आहे, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच रांगेत उभा राहिलेला एक माणूस फोटोत नसतो. "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू नाही, जा घरी," असे सांगून ज्याला परत पाठवले, तो माणूस. त्याला वाटते, चला, डोळा चांगला आहे. त्याच्या डोळ्याचा दाब कोणी मोजला का? डोळ्याच्या मागची नस कोणी पाहिली का? बहुतेक वेळा नाही. आज लिहायचे आहे ते त्या घरी गेलेल्या माणसाविषयी.

नावे भावाभावांची, धर्म वेगळा

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात. म्हणून गावात पुष्कळांची समजूत अशी की दोन्ही एकच, आज ना उद्या ऑपरेशन केले की संपले. ही समजूतच घात करते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या भिंगावर धरलेली साय. खराब भिंग काढून नवे बसवले की माणूस पुन्हा सुई ओवतो. म्हणजे मोतीबिंदूने गेलेली नजर उसनी दिलेली असते, ती परत मिळते.

काचबिंदूत भिंग स्वच्छही असू शकते. बिघाड असतो मागे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. दोरखंडाचे धागे एकेक करून तुटावेत तसे हे तंतू तुटत जातात. तुटलेला तंतू जोडण्याची विद्या आजवर जगात कोणाला साधलेली नाही. काचबिंदूने गेलेली नजर गेलीच. उरलेली राखता येते, एवढेच माणसाच्या हाती आहे.

तंतू तुटतात कशाने? बहुतांशी डोळ्यातल्या पाण्याच्या दाबाने. हे पाणी म्हणजे आसवे नव्हेत. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सारखे तयार होते आणि एका कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून सारखे निचरून जाते. आवक-जावक सारखी असली की दाब ठीक राहतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर एवढा दाब नेहमीचा मानतात. निचरा थांबला की दाब वाढतो आणि तो मागच्या नसेवर जाऊन बसतो. शेतातला चर बुजला की पाणी साचून तुरीची मुळे जशी कुजतात, तसेच म्हणा. काहींची नस मात्र नेहमीच्या दाबातही झिजते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रकार किती आणि कोणाला गाठतात

घरातली मोरी तुंबते ती दोन तऱ्हांनी. एक तर जाळीत हळूहळू गाळ धरत जातो. वरून पाहिले तर जाळी मोकळी दिसते, पण पाणी मुरत नाही. नाहीतर एखादे फडके येऊन जाळीवर बसते आणि पाणी एकदम तुंबते. काचबिंदूचेही दोन मुख्य प्रकार असेच आहेत.

पहिला खुल्या कोनाचा. हा आपल्या देशात सर्वांत जास्त. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नजर जाते ती कडेने. समोरचे स्वच्छ दिसते, आणि डाव्या-उजव्या अंगाचे अंधारात बुडत जाते. त्यातही एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. म्हणून माणूस पेपर वाचतो, नोटा मोजतो, मोटारसायकल चालवतो आणि तरी अर्धा आंधळा झालेला असतो. बांधावर पाय अडखळतो, चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेला बैल दिसत नाही. घरचे म्हणतात, "आता वय झालं, लक्ष राहत नाही." म्हातारा म्हणतो, "दिसते ना बाप्पा मले, काहून उगाच दवाखान्यात नेता?" आणि तो खोटे बोलत नसतो.

दुसरा बंद कोनाचा. काही माणसांचे डोळे जात्याच आखूड असतात आणि आतली जागा अरुंद असते. वय वाढते तसे भिंग जाड होते आणि डोळ्यातला रंगीत पडदा पुढे ढकलला जाऊन निचऱ्याच्या जाळीवर बसतो. हा प्रकार बायकांमध्ये जास्त आढळतो. कधी कधी याचा झटका येतो. डोळा लालभडक होतो, अर्धे डोके फुटायला लागते, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात. उलट्या आणि डोकेदुखी म्हटले की गावात निदान ठरलेले असते, "पित्त खवळलं" नाहीतर "अर्धशिशी". आल्याचा रस, पित्ताची गोळी, एखादे इंजेक्शन यात दोन दिवस जातात आणि त्या दोन दिवसांत डोळा जातो. पण झटका सर्वांनाच येतो असेही नाही. पुष्कळांचा कोन मुकाट्याने मिटत जातो.

या प्रकाराबद्दल चीड येण्यासारखी गोष्ट अशी की, वेळेवर ओळखला तर पुष्कळदा तो टाळता येतो. लेसरने त्या रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडतात आणि पाण्याला दुसरी वाट करून देतात. काम काही मिनिटांचे असते. पण कोन खुला की बंद हे वरवर पाहून कळत नाही. डोळ्यावर आरशाचे खास भिंग टेकवून कोन पाहावा लागतो. त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. ती केली नाही तर डॉक्टरांनाही प्रकार कळत नाही आणि औषधाची दिशा चुकते.

याशिवाय दुसऱ्या कारणाने होणारे काचबिंदू आहेत, आणि यात खेड्याचा वाटा मोठा. मोतीबिंदू वर्षानुवर्षे न काढता पिकू दिला तर भिंग फुगते किंवा पाझरते आणि डोळ्याचा दाब चढतो. तेव्हा "पिकल्यावर काढू" ही जुनी म्हण आता सोडून द्यावी. पऱ्हाटी उपटताना बसलेला फटका, बैलाचे शिंग, मळणी यंत्रातून उडालेला खडा, अशा माराने निचऱ्याची जाळी फाटते आणि काही वर्षांनीसुद्धा दाब वाढू शकतो. साखरेच्या आजारात डोळ्यात नको तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या निचरा अडवतात.

आणि एक कारण तर आपण पैसे देऊन विकत आणतो. धुळीने डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलवर जाऊन "लालीचे थेंब द्या" म्हटले की बाटली मिळते. थेंब टाकले की दोन तासांत बरे वाटते, म्हणून तीच बाटली पुन्हा आणतात, पोरांच्याही डोळ्यात टाकतात. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत ते अमृत, पण महिनोन्महिने मनाने टाकले तर काही माणसांच्या डोळ्याचा दाब चढतो आणि नस जळते. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. कायदा किती पाळला जातो हे वाचकांना सांगायला नको.

शेवटचा प्रकार तान्ह्या लेकरांचा. बाळाचे डोळे टपोरे दिसतात म्हणून शेजारीपाजारी कौतुक करतात. पण बाळ उजेडाकडे पाहत नसेल, डोळ्यातून सारखे पाणी येत असेल आणि काळी बाहुली धुरकट दिसत असेल, तर ते रूप नव्हे, रोग आहे. आंध्र प्रदेशात असा जन्मजात काचबिंदू ३३०० जन्मांमागे एकाला आढळला आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे सांगणे भाग आहे. अशा बाळाचे ऑपरेशन जितके लवकर होईल तितकी नजर वाचते.

आकडे काय बोलतात

आता कोणी विचारील, हे सगळे खरे, पण असे रुग्ण आहेत तरी किती?

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूच्या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यांत ४० वर्षांवरील ५१५० माणसे तपासली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरात २.६ जणांना काचबिंदू निघाला. त्यात खुल्या कोनाचा १.७ आणि बंद कोनाचा ०.५, बाकी इतर. यापैकी शंभरात नव्वदाहून अधिक जणांना आपल्याला काही आजार आहे याचा पत्ताच नव्हता. खुल्या कोनाच्या रुग्णांतला सुमारे पाचवा हिस्सा निदान एका डोळ्याने तरी आंधळा झालेला होता.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या पाहणीत खुल्या कोनाचा काचबिंदू खेड्यांत शंभरात १.६२ तर शहरात ३.५१ निघाला. त्या खेड्यांतल्या अशा रुग्णांपैकी ९८.५ टक्के लोकांचे निदान आधी झालेलेच नव्हते. हैदराबाद शहरात ४० वर्षांवरील शंभरात २.५६ जणांना खुल्या कोनाचा आणि सुमारे एकाला बंद कोनाचा आढळला. पश्चिम बंगालच्या खेड्यांत पन्नाशीपुढच्या शंभरात ३.४ जणांना काचबिंदू होता. वेल्लोरच्या १९९८ च्या पाहणीत मात्र उलटे चित्र निघाले. ३० ते ६० वयाच्या शंभरात ४.३२ जण बंद कोनाचे आणि खुल्या कोनाचे अर्ध्याहूनही कमी. एवढा फरक कसा? कोणाला रुग्ण म्हणायचे याच्या व्याख्या वेगळ्या होत्या. कोणी कोन मिटलेला दिसला की रुग्ण धरला, कोणी नस झिजल्यावरच धरला.

आपल्या विदर्भातही काम झाले आहे. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेने नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले. काचबिंदूविषयीचे त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेथेही खुल्या कोनाचा प्रकार बंद कोनापेक्षा बराच जास्त निघाला. म्हणजे हा तामिळ मुलखाचा आजार आहे, आपला नव्हे, असे म्हणायला जागा नाही.

सर्व पाहण्या एकत्र करून २०१० साली देशाचा अंदाज मांडला गेला. चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू, त्यात सुमारे ६५ लाख खुल्या कोनाचे आणि २५ लाख बंद कोनाचे. कोन अरुंद होऊन आज ना उद्या धोक्यात येणारे धरले तर बंद कोनाचा आकडा पावणेतीन कोटींच्या वर जातो. श्रीमंत देशांतही निम्म्या रुग्णांना आपला आजार ठाऊक नसतो. आपल्याकडे दहातल्या नऊ जणांना नसतो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब करू. हा माझा ढोबळ हिशेब आहे, सरकारी पाहणी नव्हे. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. चाळिशीपुढची माणसे हात राखून पावपट धरली तरी साडेसहा लाख होतात. मदुराईचे प्रमाण लावले तर साधारण १७ हजार रुग्ण. त्यातल्या १५ हजारांना माहीतच नाही. लोकसंख्या त्यानंतर वाढलेलीच आहे. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत वाटले तर दर तालुक्यात हजाराहून अधिक माणसे अशी, की ज्यांची नजर रोज थोडी थोडी झिजते आहे आणि ज्यांना कोणी सांगितलेले नाही.

मग ते सापडत का नाहीत?

कारण आपली सगळी व्यवस्था मोतीबिंदूच्या मापाने शिवलेली आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. २०१७ साली राज्यात 'मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र' अशी मोहीमच निघाली. या सर्वांमुळे लाखो म्हाताऱ्यांना पुन्हा दिसू लागले हे नाकारणारा करंटाच म्हणावा लागेल. पण मोतीबिंदूचे ऑपरेशन मोजता येते. उद्दिष्ट देता येते, अहवालात आकडा टाकता येतो. काचबिंदूत मोजायचे काय? न गेलेली नजर कोणत्या रकान्यात भरायची?

कोणी म्हणेल, राष्ट्रीय सर्वेक्षणच (२०१५-१९) सांगते की पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये ६६.२ टक्के मोतीबिंदूचे आणि ५.५ टक्केच काचबिंदूचे. मग जास्त रोगाकडे आधी पाहायचे की नाही? प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे, मोतीबिंदूचा आंधळा उद्या पाहू शकतो, काचबिंदूचा कधीच नाही. दुसरे, असल्या पाहणीत तक्त्यावरची अक्षरे किंवा चिन्हे किती दुरून दिसतात ते पाहून अंधत्व ठरवतात. काचबिंदूवाला नळीतून पाहिल्यासारखा समोरचा तक्ता वाचून दाखवतो आणि डोळसांच्या यादीत बसतो. ज्या मापात रोग मावतच नाही, त्या मापाने तो थोडा आहे असे म्हणणे म्हणजे चाळणीने पाणी मोजणे झाले.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात, त्याचेही तसेच. धूसर दिसते का, डोळा दुखतो का, लाल राहतो का, असे प्रश्न त्यात आहेत. चांगले आहेत. पण खुल्या कोनाच्या काचबिंदूत ना दुखते, ना लाल होते, ना आरंभी धूसर दिसते. रुग्ण तिन्ही प्रश्नांना "नाही" म्हणतो आणि फॉर्म निरोगी ठरतो.

थेंब म्हणजे जागल

समजा, नशिबाने रोग सापडला. पुढे दुसरी अडचण उभी राहते. काचबिंदूचे औषध म्हणजे रोज, बहुधा जन्मभर टाकायचे थेंब. त्याने नजर वाढत नाही, आहे तेवढी टिकते. माणसाला औषधाचा गुण दिसावा लागतो. "महिनाभर थेंब टाकले, कवडीचा फरक नाई पडला. काहून पैसे घालवू?" असे म्हणून बाटली कोनाड्यात जाते. वर्षाने येतो तेव्हा एक डोळा गेलेला असतो आणि बोल डॉक्टरला लागतो.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागेल. हरभऱ्याच्या वावरात आपण रात्रभर जागल करतो. जागलीने हरभऱ्याचा एक घाटासुद्धा वाढत नाही. पण एक रात्र जागल चुकली की रोही आणि रानडुक्कर सगळे वावर साफ करतात. थेंब म्हणजे डोळ्याची जागल. "फरक पडला नाही" हाच तिचा गुण.

टिमोलॉलचे थेंब फार महाग नाहीत, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. मात्र दमेकऱ्याने किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके मंद आहेत त्याने ते डॉक्टरला विचारल्याशिवाय टाकू नयेत. दुसरेही चांगले थेंब आहेत. प्रश्न असा की, संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या माणसाला ते दर महिन्याला मिळतील कुठे? घाटाखालचा माणूस बुलडाण्याला जाऊन परत येतो तो दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे घालवून. तेवढ्या खटाटोपात थेंबाच्या किमतीपेक्षा प्रवासच महाग पडतो. मग सोयाबीनच्या काढणीत एक खेप चुकते, कापूस वेचणीत दुसरी चुकते, आणि औषध कायमचे सुटते. थेंब नियमित टाकणे होणार नसेल किंवा त्यांनी दाब आवरत नसेल, तर ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढून देतात. तेही नजर राखण्यासाठीच, वाढवण्यासाठी नव्हे. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर "ऑपरेशन केलं अन् डोळा गेला" अशी बदनामी गावभर होते आणि पुढचे दहा जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

मागणी काय आहे?

गावोगाव यंत्रे घेऊन प्रत्येकाचा दाब मोजत फिरा, असे माझे म्हणणे नाही. शंभरात दोन-तीन रुग्णांसाठी ते परवडणारे नाही. आणि नुसता दाब मोजून भागतही नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे पुष्कळांचा दाब तपासणीच्या वेळी ठीक निघतो आणि नस मात्र झिजलेली असते. मागणी त्याहून साधी आहे. जो माणूस कोणत्याही कारणाने डोळ्याच्या दवाखान्याची किंवा शिबिराची पायरी चढला, त्याला अर्धवट तपासून घरी पाठवू नका.

पहिली गोष्ट, शिबिरात आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या डोळ्याचा दाब मोजावा आणि मागची नस पाहावी. कागदावर "मोतीबिंदू आहे / नाही" या रकान्याशेजारी "नस पाहिली / नाही" असा एक रकाना हवा. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी, दानशूर संस्थांनी आणि पुढाऱ्यांनी एवढी एकच अट घालावी. शाली-श्रीफळांचा खर्च वाचवला तर दाब मोजण्याचे साधन येते.

दुसरी गोष्ट, ग्रामीण रुग्णालयांतले नेत्रचिकित्सा अधिकारी चष्म्याचा नंबर काढतात. चाळिशी लागली की जवळचा चष्मा लागतोच, म्हणजे काचबिंदूच्या वयात माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. याहून चांगली संधी कोणती? नंबर काढता काढता दाब मोजावा, शंका आली की पुढे पाठवावे.

तिसरी गोष्ट, आशाताईंच्या फॉर्ममध्ये घरात कोणाला बीपी, साखर, हृदयविकार आहे का हा प्रश्न आधीपासून आहे. त्यात "काचबिंदू" हा एक शब्द वाढवावा. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो. ज्याला तो आहे त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. एक रुग्ण सापडला की त्याचे घर तपासावे. यात जास्त रुग्ण हाती लागतात आणि खर्च कमी.

चौथी गोष्ट, २०२४ साली बुलडाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याने ते किती वर्षे मागितले होते! आता त्या महाविद्यालयाच्या नेत्रविभागात गोनिओस्कोपी, कडेची नजर मोजणारे यंत्र आणि लेसर या तिन्ही गोष्टी चालू स्थितीत असाव्यात आणि आठवड्यातला एक ठरलेला वार काचबिंदूचा असावा. घाटाखालच्या तालुक्यांसाठी खामगावला तशीच सोय हवी. यंत्र आले पण चालवणारा नाही, चालवणारा आला पण यंत्र बंद, हा खेळ आपण एक्स-रेच्या बाबतीत पुष्कळ पाहिला आहे.

पाचवी गोष्ट, बीपी-साखरेच्या गोळ्या जशा प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला मिळतात, तसे निदान झालेल्या रुग्णाचे थेंब त्याच्या जवळच्या केंद्रात मिळाले पाहिजेत. रुग्णाने थेंबांमागे धावायचे आणि थेंबांनी बुलडाण्यात बसायचे, हे उलटे आहे.

घरच्यांनी काय करावे

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात काही आहे. चाळिशी ओलांडली की दोन वर्षांतून एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि स्पष्ट विचारावे, "डॉक्टरसाहेब, दाब पाहिला का? मागची नस पाहिली का?" विचारायला लाजू नये. घरात कोणाला काचबिंदू असेल, साखर असेल, मोठ्या नंबरचा चष्मा असेल, लहानपणी डोळ्याला मार लागला असेल, तर दरवर्षी जावे. डोळा लाल होऊन डोके दुखून उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे, पित्त समजून वाट पाहू नये. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. आणि घरातल्या बाईमाणसाला विसरू नये. बंद कोनाचा काचबिंदू तिलाच जास्त गाठतो आणि दवाखान्यात सगळ्यांच्या मागून तीच जाते. चुलीपुढे बसून डोळे चुरचुरतात म्हणून ती दुखणे अंगावर काढते, आणि घरचेही तेच म्हणतात.

जिल्ह्यात मोतीबिंदूची मोजणी झाली, त्यासाठी माणसे, पैसा, शिबिरे सगळे उभे राहिले. म्हणजे मनावर घेतले तर होते, हे सिद्धच आहे. काचबिंदूला तेवढा पैसाही लागणार नाही. डोळ्यापुढे धरलेला दिवा आणखी अर्धा मिनिट धरून मागची नस पाहायची, एवढ्यापासून आरंभ आहे. बैल गेला अन् झोपा केला, असे होण्याची आपल्याला सवय आहे. पण बैल दुसरा घेता येतो, डोळा नाही. येत्या हंगामात ज्यांच्या गावी नेत्र शिबिर भरेल, त्या गावच्या मंडळींनी माईकवर आभार मानण्यापूर्वी एवढेच विचारावे: ज्यांना मोतीबिंदू नाही म्हणून घरी पाठवले, त्यांची नस पाहिली का?